रिकाम्या पेटीपुढे

शाळेच्या चॅपेलमधला लाल दिवा गेलेला होता. बाहेर फाल्गुनातलं ऊन मी मी म्हणत होतं, आणि तसल्या उन्हातून आत आलं की पहिली दोन-चार पावलं नेहमीच चाचपडत टाकावी लागत. म्हणून सुमतीला आधी वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आहे, जरा थांबलं की दिसेल. ती दाराशी थांबली. हळूहळू बाकं दिसली, रंगीत काचा दिसल्या, जांभळ्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेले पुतळे दिसले, समोरची दगडी वेदीसुद्धा दिसली. दिवा मात्र दिसेना. साखळी होती, साखळीला टांगलेलं पितळी भांडं होतं, भांड्यात लाल काचेचा पेला होता. पेल्यात ज्योत नव्हती. शाळेतल्या मराठीच्या बाई, बत्तीस वर्षांच्या, पोरींना बिनदिक्कत नापास करणाऱ्या. आणि कुणा परक्या देवापुढचा दिवा गेला म्हणून त्यांना पुढे जाववेना. हसण्यासारखीच गोष्ट होती. तिला हसू आलं नाही.

शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. गुड फ्रायडेची सुट्टी म्हणजे कशाची सुट्टी हे पोरींना ठाऊक नव्हतं आणि सुमतीनंही कधी खोलात जाऊन विचारलं नव्हतं. ती आली होती वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला. पेपर घरीही तपासता आले असते. कोपरच्या त्यांच्या घरात दोन खोल्या आणि दोन बायका, म्हणजे जागेची काही ददात नव्हती. पण त्या जागेत फार वेळ बसवत नसे. सासूबाई गोदूबाई, सुमती त्यांना आत्याबाई म्हणे, काही बोलत नसत. भांडखोर सासू असती तर एक वेळ बरं, असं सुमतीला पुष्कळदा वाटे. निदान तोंडाला तोंड देता आलं असतं. गोदूबाई सकाळी तिचा डबा भरून ठेवत, संध्याकाळी चहा टाकत, तिच्या पायाला काच लागली तेव्हा स्वतः बसून हळद दाबली होती त्यांनी. फक्त तिन्हीसांजेला त्या उठत, भिंतीतल्या देवळीतली काड्यापेटी उचलत आणि दिवा लावत. थरथरत्या हातांनी दोन-तीन काड्या वाया घालवत, पण स्वतः लावत. सुमती तेवढा वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राही. नको तिथे आलेल्या पाहुण्यासारखी.

याची सुरुवात सुमतीच्या नवऱ्याच्या, दौलतच्या, दुखण्यात झाली. विषमज्वर होता. त्यातच नवरात्र आलं, घट बसले, घटाशेजारी अखंड दिवा लागला. तो नऊ दिवस जाऊ द्यायचा नाही, गेला तर घरावर काहीतरी येतं, हे सुमतीला माहेरीही ठाऊक होतं. सासरी तर गोदूबाई रात्री उठून उठून तेल बघत. त्या दुपारी डॉक्टरांकडे औषधाची बाटली भरून आणायला त्या निघाल्या आणि दारातून एवढंच म्हणाल्या, ‘दिव्याकडं बघ गं.’ परत आल्या तेव्हा दिवा गेलेला होता. त्यांनी तो निमूटपणे पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दौलत गेला. यावर घरात आजवर एक शब्द झाला नाही. दिवस-कार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि पहिल्याच संध्याकाळी सुमतीनं सवयीनं देवळीकडे हात नेला तर काड्यापेटी तिथे नव्हती. ती गोदूबाईंच्या हातात होती. बस्स, तेवढंच. मना कुणी केलं नाही. पण तेव्हापासून सुमतीनं दिव्याला हात लावला नाही. स्टोव्ह पेटवी, बंब पेटवी. त्या आगीला कुणी काही विचारत नाही. दिव्याचं तसं नाही. आत्याबाईंना काय वाटतं? मीच त्यांच्या मुलाला घालवलं असं त्यांना वाटतं का? हा प्रश्न तिनं गाडीत बसून, पेपर तपासता तपासता, भाजी निवडताना इतक्यांदा मनात विचारला होता की त्याची चव गेली होती, पण तो गेला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःला काय वाटतं हेही तिला नक्की सांगता आलं नसतं. दिवसा वाटे, खुळचटपणा आहे, ताप आतड्यात होता, दिव्यात नव्हता. संध्याकाळी काडी ओढल्याचा आवाज आला की वाटे, कुणी सांगावं.

म्हणून या चॅपेलमधला दिवा तिला आवडला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी मधल्या सुट्टीत बाकीच्या बाया डबे उघडत आणि मग नवऱ्यांची, हळदीकुंकवांची बोलणी निघत; तेव्हा कुठेतरी जाऊन बसायला हवं म्हणून ती इथे येऊन बसायला लागली. ‘तुम्ही बाटणारबिटणार नाही ना?’ असं शिवणाच्या बाईंनी एकदा हसत विचारलं होतं. तसलं काही तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. इथे गारवा होता, मेणाचा वास होता आणि हवा तितका वेळ टक लावून बघता येईल असा एक दिवा होता, ज्याची जोखीम तिच्यावर नव्हती. चॅपेलची देखभाल सिस्टर इनेसकडे होती. या म्हाताऱ्या सिस्टर इथल्याच, ठाण्यातल्याच; जन्मभर शिकवून थकल्यावर त्यांच्या वाट्याला फुलं, मेणबत्त्या आणि हा दिवा आला होता. त्यांनीच एकदा तिला वेदीवरची छोटी सोनेरी दाराची पेटी दाखवून सांगितलं होतं, ‘त्या पेटीत पवित्र भाकर असते. म्हणजे तोच असतो. आणि दिवा पेटलेला असला ना टीचर, की समजायचं तो घरात आहे.’ सुमतीला हा सरळ कारभार फार पसंत पडला होता. घरचा दिवा असं काही सांगत नसे. घरचा दिवा नुसता तिच्याकडे बघत असे.

आणि आज हाच गेलेला. सिस्टर इनेसच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. परवा त्यांनी फुलदाणीत पाणी ओतायचं ते शेजारी ओतलं होतं. म्हातारी तेल घालायला विसरली, सुमतीनं मनाशी म्हटलं. आता मुख्य मदरनं पाहिलं तर बिचारीचं हे कामही जाईल. हे तिनं स्वतःला दिलेलं कारण होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण ती घाबरली होती ती म्हातारीसाठी नव्हे. वेदीवरचं कापड काढलेलं होतं, फुलं नव्हती, पेटीचं सोनेरी दार सताड उघडं होतं. वर्षाअखेरची झाडझूड चालली असेल, असं तिला वाटून गेलं. घाईघाईनं ती बाजूच्या खोलीत शिरली. फळीवर तेलाची बाटली होती, काड्यापेटी होती. कुणीही नव्हतं. साखळी भिंतीवरच्या कडीला बांधलेली होती; ती सोडली तशी पितळी भांडं कुरकुरत खाली आलं, तिच्या छातीपर्यंत. पेल्यात तेल होतं. चांगलं अर्धा पेला होतं. तेव्हाच खरं तर तिला थांबायला हवं होतं, पण माणूस घाबरलं की जे दिसतं त्याचा अर्थ लावत बसत नाही. वाऱ्यानं गेला असेल. तिनं काडी ओढली. काडी मोडली. दुसरी ओढली. एवढ्या वर्षांनी वातीजवळ हात नेताना तिला स्वतःचा हात कुणा दुसरीचाच वाटला, थेट गोदूबाईंसारखा थरथरत होता तो. वात धरली. लाल काच आतून हळूच उजळली. सुमतीनं साखळी ओढून दिवा वर नेला, कडीला बांधला, बाकावर येऊन बसली आणि तिच्या नकळत तिचे हात जोडले गेले. कुणापुढे जोडले, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. तिला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी, काही एक कारण नसताना, लहान मुलीसारखं बरं वाटत होतं.

मग सिस्टर इनेस आल्या. बाकांच्या पाठी एकेक करून हातानं मोजत आल्यासारख्या आल्या, मध्येच मान वर केली आणि जागच्या जागी थबकल्या. त्यांना सुमती दिसली नव्हती. त्यांना लाल दिसलं होतं. सुमती पाहत राहिली. म्हातारीचा एक गुडघा आपोआप वाकला, मग दुसराही वाकला, आणि थंड फरशीवर दोन्ही गुडघे टेकून त्या वर बघत राहिल्या. त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की सुमतीला वाटलं, आपण बघू नये ते बघतो आहोत. थोड्या वेळानं त्या उठल्या. वेदीपाशी गेल्या. हात लांबवून त्यांनी पेटीचं उघडं दार चाचपलं, मग आतून पेटी चाचपली, तिचा तळ, तिच्या भिंती, सगळं. आत काही नव्हतं.

‘कोण आहे तिकडं?’

‘मी, सिस्टर. सुमती.’

‘दिवा तू लावलास?’

‘हो. गेलेला होता. मला वाटलं, तुम्ही—’

‘गेलेला नव्हता गो. मी विझवलेला. काल संध्याकाळी, या हातानं.’

सुमतीला काही कळेना. दिवा विझवला? हातानं? सिस्टर पहिल्या बाकावर बसल्या आणि धाप खाली बसू दिली. मग लहान वर्गाला सांगावं तशा सांगू लागल्या. काल संध्याकाळी पवित्र भाकर इथून काढून मोठ्या देवळात नेली. दरसाल नेतात. पेटी रिकामी करायची, दार उघडं टाकायचं, कापड काढायचं आणि दिवा विझवायचा. आज तो मेला त्याचा दिवस. ‘घरात नाय तो आज. घरातच नाय तर दिवा कशाला लावायचा? खोटं होईल ना.’

‘पण देवापुढे अंधार ठेवायचा? मुद्दाम?’

‘मुद्दामच गो. तो मेला तेव्हा भर दुपारी अंधार पडलेला सगळ्या गावावर. तेव्हा कोणी दिवा लावला का? नाय लावला. मग आम्ही पण तसंच बसायचं. दोन दिवस.’ हे त्या अशा आवाजात म्हणाल्या, जणू शेजारच्या घरात कुणी गेलंय आणि आज चूल पेटवायची नाही. सुमतीनं विचारलं, ‘म्हणजे अंधार चांगला?’ तर सिस्टरनं मान हलवली. ‘चांगला कसा? पापाला पण अंधारच म्हणतात आमच्यात. सैतान पण अंधारातला. देव म्हणजे उजेड. पण देवानंच उजेड केला त्याच्या आधी अंधार होता ना? तो कोणाचा? त्याचाच. आणि या दोन दिवसांचा अंधार पण त्याचाच. मला नको विचारू, मी आपली दिवे लावणारी. तू फादरला विचार.’ आणि मग एकदम हसू लागल्या, हसता हसता खोकू लागल्या. ‘मी रिकाम्या पेटीला गुडघा टेकला गो, टीचर. दोन्ही गुडघे टेकले. आजच्या दिवशी! लाल दिसलं आणि मला वाटलं, उठला कबरीतनं. लवकर उठला या वर्षी. कोणाला न सांगता उठला.’

सुमतीला रडू येईल असं वाटलं. तिनं माफी मागितली. सिस्टरनं हातानंच ती उडवून लावली आणि म्हणाल्या, ‘आता विझव तो.’

‘मी?’

‘मग कोण? मला ज्योत कुठं नि काच कुठं कळत नाय. काल बोटं भाजून घेतलेली.’

सुमती उठली आणि साखळीपाशी जाऊन नुसती उभी राहिली. दिवा विझव असं तिच्या माहेरी कुणी म्हणतसुद्धा नसे. दिवा मालवायचा, दिव्याला निरोप द्यायचा. तोंडानं फुंकर तर मुळीच मारायची नाही, फुलाची पाकळी वातीला टेकवायची. आई तसं करी. पण ते रोजच्या दिव्याचं. अखंड दिव्याला पाकळीही चालत नाही. आणि इथे तर आज फूलच नव्हतं. या लोकांनी फुलंदेखील काढून टाकली होती. तिनं साखळी सोडली. दिवा पुन्हा तिच्या छातीपर्यंत आला. एकदा तिनं बघितलं नाही म्हणून दिवा गेला, आणि आज कुणीतरी तिला सांगत होतं, तुझ्या हातानं घालव, घालवायचाच असतो. तिला वाटलं, पळून जावं. पेपरांचा गठ्ठा तिथेच टाकून ठाणं स्टेशन गाठावं. मग तिनं दोन बोटं जिभेला लावून ओली केली, पेल्यात घातली आणि वात चिमटीत धरली. चर्र झालं. बोटं पोळली. धुराचा बारीक धागा वर गेला आणि लाल काच एकदम नुसती काच झाली.

ती थांबून राहिली. आता काहीतरी होईल, म्हणून थांबून राहिली. बाहेर कावळा ओरडत होता. मठाच्या स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं ठेवलं. गल्लीतून कल्हईवाला ओरडत गेला. एवढंच झालं. आणि काहीच न झाल्याचा तिला आनंद व्हायला हवा होता, तर आला राग. कुणाचा राग, तेही कळेना. इतकी सोपी गोष्ट होती तर मग मी एवढी वर्षं उंबऱ्याशी का उभी राहिले? की हे यांच्या देवाचं वेगळं आहे आणि आपल्या देवाचं वेगळं? दिवा तर तोच असतो, तेलही तेच.

‘सिस्टर,’ ती म्हणाली, ‘आजचं सोडा. एरवी कधी, तुम्ही बघत नसताना, आपोआप गेला तर?’

‘जातो की. तेल संपतं, वारा येतो. मग परत लावायचा.’

‘आणि तोवर? तोवर तो घरात असतो का?’

‘असतो तर! दिवा त्याला कुठं लागतो? आम्हांला लागतो.’ मग सिस्टर खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘पण गेलेला दिसला की मला त्या रात्री झोप येत नाय. ते पण खरं आहे.’

मग त्या आपणहून शनिवारचं सांगत बसल्या. शनिवारी देवळाबाहेर नवा विस्तव करायचा, त्यावर मोठी मेणबत्ती पेटवायची, फादरनी ती घेऊन आत यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, हा बघा ख्रिस्ताचा उजेड. वाचायचं असायचं रात्रीचं, ही धन्य रात्र, ती धन्य रात्र. पण करायचं सगळं शनिवारी सकाळी. ‘किती वर्षं मी तसंच बघितलं. सकाळचं ऊन आलेलं असायचं खिडक्यांतून सगळ्या देवळात. फादर म्हणायचे, हा बघा उजेड, आणि ज्योत काय दिसायची नाय. उन्हात कशी दिसेल? वात काळी दिसायची तेवढी. आम्ही म्हणायचो, देवाचे उपकार. दिसत नव्हती तरी म्हणायचो. आता या वर्षी रोमहून हुकूम आलाय, रात्रीच करायचं. सगळे खूश आहेत, आता अंधारात कशी छान दिसेल म्हणून. दिसेल खरी. मला काय, मला दोन्ही सारखंच.’ आणि डोळे मिटून म्हणाल्या, ‘पण ती उन्हातली ज्योत, ती होती गो. मी सांगते ना. हात धरला तर भाजायचा.’

सुमती काहीतरी बोलून बाहेर पडली. पेपर तपासायचे राहिले. ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर, मग गाडीत खिडकीशी, तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत राहिली: ऊन. त्या दुपारी खिडकीतून ऊन आत आलं होतं. सरळ घटावर पडलं होतं. मातीतून वर आलेले धान्याचे पिवळे कोंब उन्हात चमकत होते, समईचं पितळ इतकं चमकत होतं की बघवत नव्हतं, आणि दौलत तापात सारखा ‘पडदा ओढ, पडदा ओढ’ म्हणत होता. घरात पडदा नव्हताच, म्हणून तिनं आपला पदर त्याच्या डोळ्यांवर धरला होता. तिनं दिव्याकडे पाहिलं होतं. हे तिला आता लख्ख आठवलं. एकदा नाही, पुष्कळदा मान वळवून पाहिलं होतं. ज्योत दिसत नव्हती, कारण ऊन होतं. होती की नव्हती? उठून हात धरून बघायला हवा होता, आणि तो हात पदर धरण्यात गुंतला होता. मग गोदूबाई आल्या, त्यांनी बाटली खाली ठेवली आणि वातीवर तळवा धरला. वात गार होती. किती वेळची गार होती? कदाचित त्या बाहेर पडल्या तेव्हाच गेलेली असेल. कदाचित त्या दारात म्हणाल्या, दिव्याकडं बघ गं, तेव्हाच तो गेलेला असेल. किंवा नसेलही. भर उन्हात दिवा कधी गेला हे कोण सांगणार? तिला वाटलं, इतकी वर्षं आपण ज्याची शिक्षा भोगतो आहोत ते घडलं कधी, हेच कुणाला ठाऊक नाही. यात सुटका होती की आणखी गुंता होता, तिला ठरवता येईना. मुंब्र्याच्या डोंगराची सावली डब्यात आली आणि गेली. समोरच्या बाकावरची बाई तिला म्हणाली, ‘बोटाला काय झालं हो?’ सुमतीनं पाहिलं तर बोटांवर फोड आले होते.

डोंबिवलीला उतरून ती शेतांच्या बांधावरून कोपरला आली तेव्हा दिवस कलला होता. खाडीकडून खारा वारा येत होता. अंगणात घरमालकाची बायको कमळाबाई सुकत घातलेल्या मिरच्या गोळा करत होती. ‘सुट्टी असून कामाला गेलेली का गो मास्तरीणबाय?’ एवढं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली. घरात गोदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चहा झाकून ठेवला होता. सुमतीनं चहा घेतला, हातपाय धुतले, लुगडं बदललं, आणि मग तिन्हीसांज झाली. गोदूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठू लागल्या. त्या उठेपर्यंत सुमती देवळीपाशी पोचली होती. काड्यापेटी तिनं उचलली आणि मुठीत धरली. का उचलली, पुढे काय करायचं, हे तिनं मुळीच ठरवलं नव्हतं.

गोदूबाई थांबल्या. ‘दे इकडं,’ त्या म्हणाल्या.

‘देते. आधी मला सांगा, आत्याबाई.’

‘काय सांगू? वेळ टळती आहे. दे.’

‘मी त्यांना घालवलं, असं तुम्हाला वाटतं का?’

हे शब्द आपल्या तोंडून गेले यावर सुमतीचा विश्वास बसेना. खोलीत अजून माणूस ओळखू येईल इतपत उजेड होता आणि तो बघता बघता कमी होत होता. कोपऱ्यातले डबे आधी गेले, मग दांडीवरची लुगडी गेली. गोदूबाई परत खाली बसल्या. त्यांचा चेहरा सुमतीला दिसत नव्हता आणि तिला ते बरंच वाटलं. त्या नाही म्हणतील, असं तिला वाटत होतं. कोणीही नाहीच म्हणेल. आणि मग त्या नाहीचं काय करायचं, याचीच तिला भीती वाटू लागली.

‘वाटतं,’ गोदूबाई म्हणाल्या.

सुमती उभी होती ती खाली बसली.

‘सकाळी न्हाई वाटत. सकाळी तू डबा घेऊन पायवाटेनं जातीस, तेव्हा लई कीव येती तुझी. वाटतं, माझ्या पोराच्या मागं ही माझ्यासाठी राबती. म्हातारपणी कोण कुणाचं करतं? पर दिवा लावायला बसले की येतंच मनात. दौलत्या गेला त्या दिसापासनं एक सांज चुकली न्हाई.’

‘म्हणून मला हात लावू देत नाही.’

‘त्याच्यासाठी न्हाई गं.’ म्हातारीचा आवाज ओला झाला. ‘तू लावायला बसलीस आणि मी मागं उभी राहिले, तर तुझ्या पाठीकडं बघून माझ्या मनात काय काय येईल, त्याचं भ्या वाटतं मला. तळतळाट लागतो माणसाचा. म्हणून मी बसते. काडी वढते आणि देवाला म्हणते, एवढं माझ्या मनातनं काढ. रोज म्हणते. काढत न्हाई तो.’

सुमतीला काय वाटायला हवं होतं? जे ऐकायला लागू नये म्हणून ती इतकी वर्षं जीव मुठीत धरून वावरली, तेच ऐकलं होतं. मग हे घर कोसळायला नको? संताप यायला नको? संताप होताही, कुठेतरी खोल होता. पण त्याच्या आधी तिला दिसल्या त्या गोदूबाई, रोज तिन्हीसांजेला तिच्याकडे पाठ करून बसणाऱ्या. त्या पाठीकडे बघत ती उभी असे आणि तिला वाटे, पाठ आपल्याला शाप देते आहे. त्या वेळी म्हातारी तिकडे तोंड करून हे मागत होती. दिवा लागे, दोघींचे चेहरे उजळत आणि दोघींनाही एकमेकींचं काही दिसत नसे. तिला उन्हाचं सांगावंसं वाटलं: आत्याबाई, मी बघितलं होतं हो, पण ऊन होतं. तोंड उघडून तिनं मिटलं. सांगून काय होणार होतं? त्यांच्या मनातलं जे त्यांचा देव काढत नव्हता, ते आपल्या उन्हानं कसं निघणार? पण मग मी सांगायचंच नाही का कधी? आणि यांनी आज हे सांगितलं, त्याचं मी काय करू, कुठे ठेवू? काही उलगडत नव्हतं. उलगडत नव्हतं, तरी तिला श्वास मात्र पुरत होता. काड्यापेटी घामानं ओली झाली होती. तिनं हात पुढे केला आणि अंधारात चाचपत ती गोदूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, पण उठल्या नाहीत. काडीही ओढली नाही. हात मात्र सोडला नाही त्यांनी. बोटांवरचे फोड त्यांच्या हाताला लागले तसा तो हात थबकला आणि मग अगदी हलकेच, फोडांच्या कडेकडेनं, फिरू लागला. त्या रडत होत्या. आवाज येत नव्हता, पण हाताला कळत होतं.

बाहेर चांगलंच अंधारून आलं होतं. कमळाबाई कंदील घेऊन अंगणात आली असावी. दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ जमिनीवर आली आणि दोघींच्या पायांपर्यंत न पोचताच थांबली.

‘मास्तरीणबाय,’ कमळाबाईनं हाक मारली, ‘घरान कोन हाय का नाय गो? दिवा नाय दिसत तुमचा.’

सुमतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तिच्या आधी गोदूबाईच बोलल्या, नाक ओढून, नेहमीच्या करड्या आवाजात.

‘हाओत की गं. दोघीबी हाओत.’